दुसऱ्याचं दुखणं मेंदूत कुठे उमटतं: माणसाच्या, माकडाच्या आणि उंदराच्या

तुम्ही विचारलेला प्रश्न एक असला तरी त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. समानुभूती, म्हणजे दुसऱ्याची भावना आपल्यातही उमटणं, ही मिरर न्यूरॉन नावाच्या मेंदूपेशींमुळे निर्माण होते हे खरं का? प्राणिसंग्रहालयात पडलेल्या मुलाला उचलून घेणाऱ्या गोरिलाला खरोखर कळवळा आला होता का? काही माणसांत ही भावना मुळातच नसते का? आणि ती रक्तातून येते की संस्कारांतून? मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, माकडांचा अभ्यासक नाही. पण आजाराने ज्यांची समानुभूती हरवली अशी माणसं बरीच वर्षं तपासत आलोय आणि त्या निमित्ताने नरवानरांवरचं, म्हणजे माकडं, चिंपांझी, गोरिला यांच्यावरचं, संशोधन वाचत राहिलोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याची अवस्था पाहून आपल्यात तसंच काहीतरी उमटणं ही समानुभूतीची पहिली पायरी. ती उंदरातही आहे. अवघड आहे ती त्यापुढची पायरी: उमटलेली अस्वस्थता सावरायची आणि लक्ष स्वतःवरून काढून समोरच्याकडे न्यायचं. प्राण्यांच्या जातीजातींत आणि माणसामाणसांत जो फरक दिसतो, तो बराचसा या दुसऱ्या पायरीवर पडतो. चर्चा मात्र पहिल्या पायरीचीच होते.

मिरर न्यूरॉनबद्दल सगळ्यात जास्त वाचायला मिळतं आणि त्यातलं बरंच ताणलेलं असतं. इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी मकाक माकडांच्या मेंदूत, हालचालींची आखणी करणाऱ्या प्रीमोटर भागात, बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीचे संदेश टिपत होते. माकडाने हाताने खाद्य उचललं की काही पेशी चेतायच्या. त्यातल्या काही पेशी समोरच्या संशोधकाने खाद्य उचललं आणि माकड नुसतं बघत बसलं होतं, तरीही चेतत होत्या. हे 1992 साली छापून आलं, या पेशींना मिरर न्यूरॉन हे नाव त्यानंतर काही वर्षांनी पडलं. शोध मोलाचा, यात शंका नाही. पण त्या पेशी पकडणं, उचलणं अशा कृतींना प्रतिसाद देत होत्या. दुःख, भीती, वेदना यांच्याशी त्या प्रयोगांचा काही संबंध नव्हता. कृतीचं प्रतिबिंब उमटतं म्हणजे भावनेचंही उमटत असणार, ही उडी नंतरच्या लेखांनी आणि भाषणांनी मारली. माणसात अशा पेशी थेट टिपण्याची संधी क्वचित मिळते. फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेआधी तपासणीसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या 21 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कृती करताना आणि पाहताना, दोन्ही वेळा चेतणाऱ्या पेशी त्यात सापडल्या, आणि त्यातल्या काही तर स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या भागात होत्या. म्हणजे असा दुहेरी प्रतिसाद मेंदूत बऱ्याच ठिकाणी असू शकतो. समानुभूतीचं यंत्र सापडलं, असं मात्र यातून ठरत नाही.

वेदनेवरचे प्रयोग आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळ जातात. 2004 मध्ये मेंदूसंशोधक टानिया सिंगर यांनी लंडनमध्ये 16 जोडप्यांवर प्रयोग केला. स्त्री एमआरआय यंत्रात झोपलेली, तिचा जोडीदार शेजारीच बसलेला. कधी तिच्या हाताला विजेचा चटका द्यायचा, कधी त्याच्या. चटका कोणाला बसतोय हे तिला खुणेने कळायचं. स्वतःला चटका बसला की वेदनेचं सगळं जाळं जागं व्हायचं. जोडीदाराला बसला की त्यातला एकच हिस्सा जागा व्हायचा: मेंदूच्या घडीत आत दडलेल्या इन्सुलाचा पुढचा भाग आणि मेंदूच्या मधल्या बाजूचा अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स (पुढे नुसतं सिंग्युलेट). दुखतंय कुठे आणि किती, हे सांगणारा संवेदनेचा भाग शांत राहायचा. दुखणं किती नकोसं आहे हे सांगणारा भाग बोलायचा. आपल्या माणसाचं बोट चिरलं तर आपलं बोट दुखत नाही, पण पोटात कालवतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. तो यंत्रात असा दिसला.

इथेही हात थोडा आखडता घ्यायला हवा. इन्सुला वेदनेची खास मालकीण नाही. किळस, धाप लागणं, तहान, अचानक दचकणं, शरीराच्या आतून येणाऱ्या कितीतरी खबरा तिच्याकडे जमा होतात. दोन प्रसंगांत एकच भाग उजळला म्हणून दोन्ही वेळा तिथे एकच काम चाललं होतं असं म्हणता येत नाही. आणखी बारकाईने विश्लेषण केलेल्या काही अभ्यासांत स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वेदनेचे आकृतिबंध वेगवेगळे निघाले. मग वेगळ्या वाटेने गेलेले प्रयोग महत्त्वाचे ठरतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी लोकांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी देऊन, ही वेदनाशामक आहे, असं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे त्यांची स्वतःची वेदना कमी झाली. पण त्याबरोबर दुसऱ्याच्या वेदनेला त्यांचा प्रतिसादही मंदावला. मेंदूतल्या अफूसदृश रसायनांना अडवणारं नाल्ट्रेक्सोन दिल्यावर हा परिणाम पुसला गेला. स्वतःचं दुखणं बधिर केलं की दुसऱ्याचंही थोडं बधिर होतं, याचा अर्थ दोन्हींचा काही रस्ता तरी सामाईक आहे.

आणि तरी जन्मजात वेदनाच न जाणवणारे लोक असतात. विस्तवावर हात पडला तरी त्यांना कळत नाही. अशा लोकांना इतरांच्या वेदनेची दृश्यं दाखवली तेव्हा त्यांचाही इन्सुला आणि सिंग्युलेट भाग चेतला, आणि चेहरा दिसत असेल तर समोरच्याला किती दुखतंय याचा अंदाजही ते इतरांसारखाच बांधत होते. चेहरा किंवा आवाज नसेल तेव्हा मात्र अंदाज कमी पडायचा. म्हणजे स्वतःचा अनुभव मदत करतो, पण त्यावाचून सगळंच अडतं असंही नाही. हे संशोधन मला फार आवडतं, कारण दोन्ही बाजूंच्या ठाम लोकांना ते अडचणीत आणतं.

आता उंदरांकडे येऊ. नरवानरांबद्दल विचारलंत आणि मी उंदरांत शिरतोय, पण पेशींच्या पातळीवरची माहिती तिथूनच आली आहे. ॲमस्टरडॅममध्ये क्रिस्तिआन कायझर्स आणि वालेरिया गाझोला यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं की मोठ्या उंदराच्या सिंग्युलेट भागात काही पेशी स्वतःला वेदना झाल्यावर चेततात आणि दुसऱ्या उंदराला वेदना होताना पाहूनही चेततात. तो भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर दुसऱ्याला शॉक बसताना पाहून भीतीने थिजणं कमी झालं. धोक्याच्या आवाजाची स्वतःची भीती तशीच राहिली. माणसाच्या त्याच भागात एक पेशी त्याच्या कितीतरी आधी, 1999 मध्ये, मेंदूच्या शस्त्रक्रियेदरम्यान टिपली गेली होती. रुग्णाला सुई टोचल्यावर ती चेतायची आणि तपासणारा स्वतःच्या बोटाला सुई टोचताना दिसला तरी चेतायची. वीस वर्षांनी उंदरात तेच, आणि कार्यकारण दाखवून. भावनेचं प्रतिबिंब म्हणायचंच असेल तर ते या पेशींना म्हणावं.

शिकागो विद्यापीठातला 2011 चा प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. एक उंदीर अरुंद नळीत कोंडलेला, दुसरा बाहेर मोकळा. नळीचं दार फक्त बाहेरून उघडतं. मोकळा उंदीर काही दिवसांत दार उघडायला शिकायचा, बक्षीस काही नसताना. शेजारच्या नळीत चॉकलेटचे तुकडे ठेवले तरी तो दोन्ही दारं उघडायचा आणि सोबत्यासाठी काही तुकडे शिल्लक राहायचे. बातम्या इथेच थांबल्या. माझ्या मते महत्त्वाचं आहे ते पाच वर्षांनी त्याच गटाने केलेलं काम. मोकळ्या उंदराला चिंता कमी करणारं मिडॅझोलॅम दिलं, तर तो कोंडलेल्या सोबत्याचं दार उघडेनासा झाला. चॉकलेटचं दार मात्र उघडत होता. म्हणजे हातपाय शाबूत, दार उघडण्याची युक्तीही शाबूत, गेली होती ती आतली तगमग. तगमगीशिवाय मदत नाही.

पण तगमग फार झाली तर? भीतीने थिजलेला उंदीर कोणाचं दार उघडणार? इथून दुसरी पायरी सुरू होते, आणि नरवानरांचा खरा विषय इथे आहे.

ऱ्हीसस माकडांवरचा 1964 चा एक प्रयोग आजच्या नीतिनियमांत कोणी मंजूर करणार नाही. माकडाने साखळी ओढली की खाणं मिळायचं. दोन साखळ्यांपैकी एक ओढली, की समोर दिसणाऱ्या दुसऱ्या माकडाला विजेचा झटकाही बसायचा. बहुतेक माकडांनी ती साखळी टाळली. एकाने 5 दिवस आणि एकाने 12 दिवस साखळी ओढणंच सोडलं, म्हणजे उपास काढला. ज्यांनी स्वतः झटका अनुभवला होता किंवा समोरचं माकड ज्यांच्या ओळखीचं होतं, ती जास्त मागे सरत. हे वाचून ऱ्हीसस माकडाविषयी आदर वाटतो. पण त्याच मकाक कुळातल्या माकडांच्या कळपात भांडण झालं, एखाद्याला चावे बसले, की त्याच्याजवळ जाऊन कोणी त्याला कवटाळत नाही. मार खाऊन आलेल्या पिल्लाच्या आईकडूनही अनेकदा तसं काही होत नाही. दुसऱ्याचं किंचाळणं त्यांना नकोसं होतं, हे नक्की. ते थांबवण्यासाठी किंवा त्यापासून दूर राहण्यासाठी ती किंमतही मोजतील. पण दुखावलेल्याकडे जाणं ही वेगळी गोष्ट आहे.

चिंपांझी जातात. नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयातली निरीक्षणं नरवानरांचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी सहसंशोधकासह 1979 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणी ती पुन्हा दिसली. भांडणात हरलेल्या चिंपांझीजवळ भांडणाशी संबंध नसलेला तिसरा येतो, खांद्याभोवती हात टाकतो, चुंबन घेतो, केस विंचरल्यासारखे साफ करतो. एका अभ्यासात असं सांत्वन झाल्यावर हरलेल्याचं अंग खाजवणं कमी झालं, आणि नरवानरांत सारखं अंग खाजवणं ही ताणाची खूण मानतात. दुसऱ्या एका अभ्यासात असा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. माकडं विरुद्ध कपी (चिंपांझी, गोरिला यांसारखे बिनशेपटीचे नरवानर) अशी सरळ रेघ ओढण्याचाही मोह होतो, पण इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या टोंकियन मकाकांत 2014 मध्ये सांत्वन आढळलं. त्यांचा समाज ऱ्हीससपेक्षा पुष्कळ सैल असतो, वरिष्ठांची दहशत कमी असते. जिथे मार खाल्लेल्याजवळ गेल्याने आपल्यालाही मार बसण्याचा धोका आहे, तिथे सांत्वन परवडत नाही. मेंदूची कुवत आणि समाजाची मुभा या दोन्हींचा विचार करावा लागतो.

सगळ्यात बोलका पुरावा मला बोनोबोंचा, म्हणजे चिंपांझीच्या जवळच्या भाऊबंद कपींचा, वाटतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात किन्शासाजवळ 'लोला या बोनोबो' नावाचं अभयारण्य आहे. शिकारीत आई गमावलेली पिल्लं तिथे माणसांच्या हाताखाली वाढतात, आणि काही पिल्लं तिथेच जन्मून आईजवळ वाढलेली आहेत. झॅना क्ले आणि द वाल यांनी दोन्ही प्रकारच्या पिल्लांचं निरीक्षण केलं. आईजवळ वाढलेली पिल्लं दुखावलेल्या सवंगड्याचं सांत्वन जास्त करत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्वतः भांडण हरल्यावर जी पिल्लं लवकर शांत होत, तीच इतरांकडे जास्त जात. जी पिल्लं स्वतः किंचाळत राहत, ती दुसऱ्याच्या किंचाळण्यानेही गळपटत. भावनेची तीव्रता त्यांच्यात कमी नव्हती, ती सावरता येत नव्हती. पुढे माणसांबद्दल जे म्हणणार आहे, त्याचं मूळ या पिल्लांत पाहा.

आता तुमचा गोरिला. घटना 16 ऑगस्ट 1996 ची, शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातली. तीन वर्षांचा मुलगा कुंपणावरून खाली पडला, आणि बिंती जुआ नावाच्या मादीने, पाठीवर स्वतःचं पिल्लू असताना, त्याला उचललं, कुशीत धरलं आणि कर्मचाऱ्यांच्या दारापाशी नेऊन ठेवलं. ती माणसांच्या हाताखाली वाढली होती आणि आई होण्याआधी तिला बाहुली देऊन पिल्लू सांभाळण्याचे धडे दिले होते, त्यामुळे ते शिकवलेलं वागणं असू शकतं. कळवळाही असू शकतो. एकदाच घडलेल्या प्रसंगावरून यात निवाडा करता येत नाही, आणि जे करतात त्यांचं मत प्रसंगाच्या आधीच ठरलेलं असतं.

मला जपानमधला क्योतो विद्यापीठाचा 2012 चा प्रयोग जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो पुन्हापुन्हा करून पाहता येतो. एका चिंपांझीला रस प्यायला कधी काठी लागायची, कधी नळी. पण अवजारं होती शेजारच्या पिंजऱ्यातल्या चिंपांझीकडे, बऱ्याच निरुपयोगी वस्तूंसोबत. पहिल्याने हात पुढे केला की शेजारी नेमकं लागणारं अवजार देत असे. मधली काच झाकून शेजाऱ्याला पलीकडचं दिसेनासं केलं की तो काहीतरी द्यायचा, पण नेमकं नाही. दुसऱ्याला काय हवं आहे हे त्याची स्थिती पाहून ओळखणं याला आम्ही बौद्धिक समानुभूती म्हणतो. मात्र न मागता देण्याच्या बाबतीत चिंपांझी फारसे उत्साही नाहीत. 2005 च्या एका प्रयोगात, स्वतःला काहीच तोशीस न लागता शेजाऱ्याला खाऊ मिळवून देण्याची सोय असूनही ते उदासीन राहिले. 2011 मध्ये प्रयोगाची मांडणी बदलली तर ते शेजाऱ्याच्या बाजूचा पर्याय जास्त निवडू लागले. कोणी यावरून चिंपांझी स्वार्थी आहे किंवा परोपकारी आहे असा निष्कर्ष काढला, तर तो कुठल्या प्रयोगावर बेतलेला आहे ते आधी विचारा.

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा, मेंदूचे कपाळामागचे आणि कानशिलाजवळचे भाग झिजवणारा आजार आहे. तो बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो, आणि त्याच्या वर्तनविकाराच्या प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. नातेवाईक सांगतात, "डॉक्टर, माणूसच बदलला." बायको तापाने फणफणलेली आहे आणि नवरा दारात उभा राहून जेवायला कधी वाढणार विचारतो. सख्ख्या भावाच्या अंत्यविधीत मोठ्याने विनोद सांगतो. वर्ष-दोन वर्षं घरचे त्याला स्वार्थी, निगरगट्ट ठरवून मोकळे होतात, काही संसार मोडायला येतात, आणि मग कधीतरी स्कॅन होतो. इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट आक्रसलेले दिसतात, अनेकांत उजव्या बाजूला जास्त. या आजारात लवकर मरणाऱ्या पेशींत लांबट, टकळीच्या आकाराच्या व्हॉन इकॉनॉमो पेशी आहेत. माणसात आणि मोठ्या कपींत त्या याच दोन भागांत एकवटलेल्या आढळतात. एके काळी त्यांना समानुभूतीच्या पेशी म्हणण्याची लाट आली होती. नंतर हत्ती आणि देवमाशांतही त्या सापडल्या, 2012 मध्ये मकाकातही. त्यामुळे लाट ओसरली, पण या आजारात त्या आधी का जातात हा प्रश्न शिल्लक आहे.

या रुग्णांना विचारलं, "समोरच्या बाईला काय झालंय?" तर पुष्कळदा उत्तर बरोबर येतं: "रडतेय." एवढंच. त्यात पुढे काही नसतं. उलटंही पाहायला मिळतं. सिमोन शमाय-त्सूरी यांच्या गटाने 2009 मध्ये मेंदूला ठरावीक जागी इजा झालेल्या रुग्णांत दाखवलं की कपाळामागच्या खालच्या-बाहेरच्या भागाला इजा झाली तर भावना उमटणं मंदावतं, आणि मधल्या-खालच्या भागाला झाली तर दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं बिघडतं. एक बिघडून दुसरं शाबूत राहू शकतं, म्हणजे दोन्ही वेगळी यंत्रं आहेत. मनोविकृत (सायकोपॅथ) गुन्हेगारांत दुसऱ्याचं मन ओळखण्याची हातोटी चांगली असते, म्हणूनच त्यांना माणसं फसवता येतात. त्यांच्यात पहिली पायरीच दुबळी असते. पण नेदरलँड्समधल्या 2013 च्या अभ्यासात गंमत निघाली. वेदनेची दृश्यं नुसती दाखवली तेव्हा अशा कैद्यांचा प्रतिसाद मंद होता, आणि "समोरच्याला काय वाटत असेल ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा" असं सांगितल्यावर तो इतरांच्या बराच जवळ आला. तार तुटलेली नाही, बटण आपोआप लागत नाही.

स्वमग्न (ऑटिस्टिक) लोकांना समानुभूती नसते हे सर्रास बोललं जातं, म्हणून दोन वाक्यं. इन्सुलाचा मंद प्रतिसाद हा स्वमग्नतेशी जोडलेला नसून स्वतःच्या भावना ओळखता न येण्याच्या वेगळ्या अडचणीशी जोडलेला आहे, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. ही अडचण काही स्वमग्न लोकांत असते, सगळ्यांत नाही, आणि ज्यांना स्वमग्नता नाही अशांतही असते.

सावरण्याच्या पायरीचं माणसातलं रूप मुलांत उलगडताना दिसतं. नवजात बाळ दुसऱ्या बाळाचं रडणं ऐकून रडू लागतं. साधारण वर्षाचं मूल दुसरं मूल पडलेलं पाहून स्वतःच आईच्या कुशीत शिरतं. दीड-दोन वर्षांचं झालं की ते रडणाऱ्याजवळ जातं, थोपटतं, आपलं खेळणं नेऊन देतं. याच सुमाराला आरशातलं प्रतिबिंब आपलं आहे हेही त्याला कळू लागतं. तो आणि मी वेगळे, त्याचं दुखणं त्याचं, ही जाण आल्याशिवाय मदत समोरच्याच्या दिशेने जात नाही. आमच्या पेशातही हेच घडतं. तैवानमध्ये 2007 साली ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना शरीरात सुया टोचल्याची दृश्यं दाखवली. सामान्य लोकांत जसा इन्सुला आणि सिंग्युलेट चेतला तसा त्यांच्यात नाही. त्यांच्यात भावनांना आवर घालणारे कपाळामागचे भाग कामाला लागले. लोक याला डॉक्टरांचा कोडगेपणा म्हणतील. कण्यातून पाणी काढताना रुग्णाबरोबर माझंही अंग आकसलं, तर सुई नीट जाणार नाही. मात्र हा आवर खाटेजवळून उठल्यावरही सैल झाला नाही, तर तक्रार रास्त आहे.

आता या यंत्रणेची गैरसोयीची बाजू. ती सगळ्यांसाठी सारखी चालत नाही. शिकागोच्या उंदरांनी अनोळखी जातीच्या उंदराचं दार उघडलं नाही. पण जन्मापासून परक्या जातीत वाढवलेल्या उंदराने त्या जातीच्या अनोळखी उंदराला सोडवलं आणि स्वतःच्या जातीच्या उंदराला सोडवलं नाही. आपलं कोण हे रक्तापेक्षा सहवासाने ठरलं. चिंपांझीला आपल्या गटातल्याची जांभई पाहून जांभई येते, परक्या गटातल्याची पाहून कमी येते. आणि हेच सांत्वन करणारे चिंपांझी टांझानियातल्या गोम्बेमध्ये 1974 ते 1978 या काळात शेजारच्या गटातल्या नरांना एकेक करून गाठून मारत होते. माणसाचं वेगळं नाही. झुरिकमध्ये फुटबॉलच्या चाहत्यांवर 2010 मध्ये झालेल्या प्रयोगात आपल्या संघाच्या चाहत्याला वेदना होताना इन्सुला जितका चेतला, तितकी त्याची वेदना वाटून घेण्याची तयारी जास्त होती. प्रतिस्पर्धी चाहत्याच्या वेदनेला ज्यांच्या मेंदूतला सुखाचा भाग चेतला, त्यांनी मदत नाकारण्याची शक्यता जास्त होती. टानिया सिंगर यांच्या 2006 च्या प्रयोगात पैशांच्या खेळात लबाडी करणाऱ्याला शॉक बसला तेव्हा पुरुषांचा समानुभूतीचा प्रतिसाद घटला आणि सुखाचा भाग जागा झाला. स्त्रियांत तसं दिसलं नाही. परक्या गटातल्या माणसाकडून अनपेक्षित मदत मिळाली तर मात्र त्या गटाविषयीचा इन्सुलाचा प्रतिसाद वाढतो, हेही याच क्षेत्रातल्या नंतरच्या कामात आढळलं.

ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय संपत नाही, म्हणून थोडक्यात. नऊ अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये बनतो, प्रसूतीच्या कळा आणि स्तनपान यांसाठी लागतो. समानुभूतीचं मूळ आई-पिल्लाच्या नात्यात आहे असं मानण्याचं तो एक कारण आहे. सस्तन प्राण्याच्या ज्या आईला पिल्लाच्या रडण्याने काहीच झालं नाही, तिचा वंश पुढे सरकला नसणार. व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांपैकी जोडीने राहणारे प्रेअरी व्होल ताणाखालच्या जोडीदाराला चाटून शांत करतात. सिंग्युलेट भागात ऑक्सिटोसिनची क्रिया अडवली की हे चाटणं थांबतं. जोडीने न राहणाऱ्या, जवळच्याच मेडो व्होल जातीत ते नसतंच. माणसांना ऑक्सिटोसिनचा नाकात फवारा देऊन केलेल्या प्रयोगांचे निकाल मात्र फार डळमळीत आहेत. गाजलेले काही निष्कर्ष पुन्हा तपासल्यावर टिकले नाहीत, आणि काही अभ्यासांत फवाऱ्याने फक्त आपल्या गटाची माया वाढली. प्रेमाचं संप्रेरक म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आनुवंशिकतेचं उत्तर सोपं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली, तर भावनिक समानुभूतीतल्या फरकांचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक येतो आणि बौद्धिक समानुभूतीचा जेमतेम पाव. 2018 मध्ये 46,000 हून जास्त लोकांच्या जनुकांचा प्रश्नावलीतल्या गुणांशी ताळा घातला, तेव्हा सर्रास आढळणाऱ्या जनुकभेदांनी जेमतेम दहावा हिस्सा उलगडला. समानुभूतीचं एखादं जनुक नाही. असंख्य जनुकांचा प्रत्येकी किंचित हात आहे आणि बाकी वाढ, सहवास, अनुभव.

राहिला तुम्ही जाताजाता विचारलेला मुद्दा: रोज दुसऱ्यांची दुःखं ऐकून थकून जाणाऱ्या तुमच्या परिचारिका बहिणीचं काय करायचं. सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी लोकांना दोन टप्प्यांत प्रशिक्षण दिलं. आधी दुसऱ्याच्या दुःखात पूर्ण शिरण्याचं. त्यात इन्सुला आणि सिंग्युलेटचा प्रतिसाद वाढला आणि लोक जास्त खचले. मग त्याच लोकांना करुणेचं, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही ऊब मनात धरण्याचं प्रशिक्षण दिलं. तेव्हा वेगळंच जाळं चेतलं, ज्यात बक्षीस आणि जिव्हाळा यांच्याशी जोडलेले भाग आहेत, आणि खचलेपण उतरलं. दृश्यं तितकीच दुःखाची होती. बहिणीला "एवढं मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून उपयोग होणार नाही, तो सल्ला पहिल्या पायरीचा आहे आणि ती पायरी कोणाच्या हातात नसते. रुग्णासाठी आपण नेमकं काय करू शकतो, याकडे लक्ष वळवण्याची सवय करता येते. बोनोबोच्या पिल्लांना ती आईच्या सहवासात लागते. मोठ्या माणसांना सरावाने लागू शकते, आणि या अभ्यासांत तिचा परिणाम थोड्याच दिवसांच्या सरावानंतर दिसला होता.